पाव, प्रायश्चित्त आणि पत्र्यावरची नानकटाई

‘पुण्यातली सगळ्यांत चांगली बेकरी कोणती?’ मी जुन्या बेकऱ्यांची माहिती जमवतो हे कळले, की समोरचा माणूस हटकून हा प्रश्न विचारतो. मी आधी नेहमीची उत्तरे देतो. श्रूजबेरी बिस्किटांसाठी ईस्ट स्ट्रीटवरची कयानी, पॅटिससाठी आपटे रस्त्यावरची संतोष, बन-मस्क्यासाठी डेक्कनवरचे गुडलक. मुंबईला निघालेल्याला पूर्वी सांगत असे, की ग्रँट रोड स्टेशनासमोरच्या बी. मेरवानमध्ये सकाळी लवकर जा, म्हणजे मावा केक मिळेल. आणि कडक ब्रून पाव खायचा तर फोर्टातली याझदानी गाठ. ऐकणारा खूश होतो आणि जातो.

मी मात्र खूश नसतो. कारण हा प्रश्न माझ्या आजीला कोणी विचारला असता, तर तिने उलट विचारले असते, ‘चांगली म्हणजे? भट्टी कोणाची?’ चवीचा प्रश्न तिच्या लेखी नंतरचा. आणि ती एकटी नव्हती. पुण्यातल्या बेकऱ्यांचा इतिहास शोधताना माझ्या हळूहळू लक्षात आले, की शंभर-सव्वाशे वर्षे या शहरात पावाबिस्किटांबद्दलचा खरा प्रश्न आजीचाच होता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वीज मंडळातली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून आणि जुन्या माणसांशी बोलून जे हाती लागले, त्याच्या आधारे हे लिहितो आहे.

*

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली, आणि त्यांच्याबरोबर भट्टीत भाजलेली, फुगवलेली रोटीही या किनाऱ्यावर आली. यीस्ट मिळत नव्हते म्हणून माडाची सूर वापरून पीठ आंबवले जाई. गोव्यात पाव करणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात. तोही पोर्तुगीज शब्दाचाच अवतार. पुढे मुंबई वाढू लागली, तसे गोव्याचे ख्रिस्ती भटारी तिथे गेले आणि पावाचा धंदा बराचसा त्यांच्या हातात राहिला. भायखळ्याची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी १९०८ सालची, ती याच परंपरेतली.

म्हणजे हिंदू घराच्या दृष्टीने पावात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: परक्या धर्माच्या माणसाचा हात, त्याच्याकडचे पाणी आणि सूर. वसईपासून गोव्यापर्यंत एक कथा घरोघर सांगितली जाई: पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोकांनी ते पाणी प्यायले आणि अख्खे गाव बाटले. माझ्या आजीनेही ती मला सांगितली होती, आणि सांगताना विहिरीवर हात धरावा तसा तिने पाण्याच्या पेल्यावर हात धरला होता. असे कुठे आणि कधी घडले याचा शोध हा निराळा विषय आहे. लोकांचा त्यावर पूर्ण विश्वास होता, एवढे मला इथे पुरेसे वाटते. पावाचा एक तुकडा माणसाची जात घालवू शकतो, असे मानणाऱ्या समाजात बेकरी हे साधे दुकान राहत नाही.

म्हणूनच ज्यांना जात घालवायची होती, त्यांनीही पावच निवडला. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तिच्या प्रमुखांपैकी. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू, आणि सभासद होणाऱ्याची परीक्षा अशी, की त्याने ख्रिस्ती माणसाच्या भट्टीतला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. सगळे गुपचूप चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटण्याचे निमित्त झाले आणि सभा विस्कटली. पाव खाण्याचे धैर्य होते, पण पाव खाल्ल्याचे चारचौघांत कळण्याचे धैर्य फार थोड्यांकडे होते.

पुण्याला हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर शहरातल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तेवढेही केले नाही. पण आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी या प्रसंगाची हकीकत नावानिशी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, पक्ष पडले. टिळकांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्यासाठी सुधारकांनीच त्यांना दूषणे दिली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या दिवसांबद्दल लिहिले आहे. नवऱ्याचा हा निर्णय त्यांनाही जड गेला होता, हे ते वाचताना जाणवते.

इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘पंचहौद चहा-ग्रामण्य’ म्हणून येते, त्यामुळे बशीतल्या बिस्किटांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. माझे जाते. चहा मिशनमध्येच झाला असेल. बिस्किटे मात्र कुठल्या तरी भट्टीतून आलेली असणार.

*

ती भट्टी पेठांमध्ये असण्याची शक्यता कमीच. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी उभी राहिली. गोऱ्या शिपायाला रोजचा पाव लागे. छावणीबरोबर पाववाले आले, खाटीक आले, पारशी दुकानदार आले, गोव्याचे भटारी आणि आचारी आले. शनिवारवाड्यापासून ईस्ट स्ट्रीटपर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण सोवळ्या घरातल्या माणसासाठी ते परदेशाइतके होते. पुण्यातल्या जुन्या नावाजलेल्या बेकऱ्या आज नकाशावर मांडल्या, तर त्यातल्या बऱ्याच कॅम्पात आणि त्याला लागून असलेल्या पूर्वेच्या भागात दिसतात. उत्तम केक-बिस्किटांसाठी पुणेकर अजून कॅम्पात जातो, त्याचे कारण तिथल्या हातांची सवय आणि कौशल्य हे आहेच. पण ते हात तिथेच का राहिले, याचे उत्तर वरच्या प्रायश्चित्तात आहे.

यावर बाजाराने आपला तोडगा काढला. एकोणिसावे शतक संपता संपता दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. आमच्या बिस्किटांना उच्चवर्णीय हिंदूंखेरीज कोणाचा हात लागत नाही, अशी तिची ग्वाही असे. पुढे कारखान्यांची बिस्किटे आली. १८९२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या धंद्यातून ब्रिटानिया उभी राहिली, विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीने १९३९ च्या सुमारास बिस्किटे काढली, पुण्यात साठे बिस्किटांचे नाव झाले. बंद पुड्यात कोणाचा हात दिसत नाही. मला वाटते, पेठांतल्या घरांत बिस्किटाला पहिला प्रवेश या कागदी वेष्टनानेच मिळवून दिला. पाव मात्र उघडा येई, पाववाल्याच्या डोक्यावरच्या पाटीतून, आणि म्हणून तो आणखी काही वर्षे उंबऱ्याबाहेर राहिला. घरात यायचा तो आजाऱ्यासाठी, डॉक्टरांनी सांगितले म्हणून, दुधात बुडवून.

*

इथपर्यंतचा इतिहास सरळ आहे. माझी अडचण पुढे सुरू झाली, आणि ती माझ्याच घरातून सुरू झाली.

आमच्या आजीने आयुष्यात पाव खाल्ला नाही. पण दर दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरातून नानकटाईचे सामान भट्टीवर जायचे. १९७०-८० च्या दशकांत पेठांमध्ये वाढलेल्या कुणालाही हे आठवत असेल. रवा, मैदा, पिठीसाखर, वेलदोड्याची पूड आणि तूप किंवा डालडा हे सगळे घरून मोजून न्यायचे. भट्टीवरचा माणूस ते फेटून, मळून द्यायचा. कोणी पीठ घरीच मळून नेत. मग पत्र्यावर गोळे मांडायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहायचे. परत येताना गरम डबा हाताला चटके देत असे. आमच्याकडचे पत्रे नाना पेठेतल्या एका मुसलमान भट्टीवाल्याकडे जात. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू.

ज्या घरात पाव चालत नव्हता, त्या घरात चाचांच्या भट्टीतली नानकटाई देवापुढे ठेवली जात नसे, पण फराळाच्या ताटात मात्र अगदी सहज येत असे. हे कसे? मी बरीच वर्षे याला निव्वळ सोय किंवा दुटप्पीपणा समजत होतो. नंतर जुन्या बायकांशी बोलताना त्यामागचा हिशेब उलगडत गेला.

हिशेब ‘खरकटे’ या शब्दात आहे. पाणी घालून शिजवलेले अन्न खरकटे. भात, भाकरी, पोळी हे सगळे दुसऱ्याच्या हातचे चालत नसे. तुपात तळलेले किंवा भाजून कोरडे केलेले अन्न सैल नियमांत बसे. म्हणून प्रवासाला दशम्या दुधात भिजवत आणि लाडू-चिवड्याला विटाळ कमी. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. पीठ आपले, तूप आपले, साखर आपली. भट्टीवाल्याचे काय, तर फक्त अग्नी. आणि अग्नीला कसला विटाळ? पावाचे नेमके उलट: पाणी त्याचे, आंबवण त्याचे, मळणेही त्याचे. ‘ते पायांनी मळतात हो,’ हे वाक्य मला या शोधात किती जणींनी सांगितले याची गणती नाही.

गंमत अशी, की नानकटाईचे मूळही परक्याच भट्टीत आहे. सुरतेत अशी हकीकत सांगतात, की डच लोकांनी तिथे भट्टी घातली आणि जाताना ती आपल्याकडच्या पारशी कारागिराला दिली. गोरे गेले तसा पाव खपेना. मग उरलेला पाव वाळवून विकता विकता आणि स्थानिक लोकांना चालेल असा जिन्नस शोधता शोधता सुरती बटर आणि नानकटाई तयार झाली. सूर नाही, अंडे नाही, पाणी नाही. ही हकीकत तपशिलात किती खरी ते सोडून देऊ. पण नानकटाईची घडण पाहिली, की सोवळ्याच्या नियमांतून वाट काढण्यासाठीच ती जन्मली असावी असे वाटते. भट्टीवाल्याने गिऱ्हाइकाचा धर्म सांभाळला आणि आपला धंदाही.

*

चार वर्षांपूर्वी मी चाचांच्या मुलाला भेटलो. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगाही आता साठीचा. त्याने मला भट्टी आतून दाखवली, आणि माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा जास्त इतिहास मला त्या दहा मिनिटांत कळला.

विटांची घुमटी भट्टी ही पेटवायची आणि विझवायची वस्तू नव्हे. संध्याकाळी आत लाकडे पेटवतात, तीन-चार तासांत विटा तापून लाल होतात. मग निखारे बाजूला ओढून, ओल्या पोत्याने जमीन पुसून, लांब दांड्याच्या फावड्याने पाव आत सरकवतात. पावाला कडक आच लागते. पहाटेपर्यंत पाव निघतो. मग भट्टी हळूहळू उतरत जाते, तसतसे त्या त्या आचेचे जिन्नस आत जातात: आधी खारी, मग केक, बिस्किटे. अगदी शेवटी, विटांत उरलेल्या उबेवर टोस्ट आणि बटर वाळतात. टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला पावच.

‘घरची नानकटाई मग कधी?’ मी विचारले.

‘दुपारी. पाव निघून गेल्यावर. नानकटाईला नरम आच लागते ना. पावाच्या आचेत टाकली तर बाहेरून काळी, आतून कच्ची.’ मग हसून म्हणाला, ‘तुमची नानकटाई आमच्या पावाच्या उरलेल्या गरमीवर भाजली जायची, साहेब. नुसत्या नानकटाईसाठी कोण भट्टी तापवणार?’

मी बराच वेळ काही बोललो नाही. आजीच्या हिशेबात पाव बाहेर होता आणि अग्नी शुद्ध होता. पण तो अग्नी पेटवला जात होता पावासाठी. मोहल्ल्यातली हॉटेले, मजूर, इस्पितळे रोज पाव घेत होती, म्हणून भट्टी तापत होती. आणि ती तापत होती, म्हणून आमच्या फराळाच्या ताटात नानकटाई येत होती. पेठांतली सोवळी दिवाळी वर्षानुवर्षे त्या पावाच्या उबेवर उभी होती.

एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी भट्टीवर पत्र्यांची अदलाबदल झाली. गर्दीत चिठ्ठ्या उडाल्या असतील. मी डबा घेऊन घरी आलो. आमच्या नानकटाईवर आजी अंगठ्याने खळगा पाडत असे, वर काही लावत नसे. डब्यातल्या नानकटाईवर मात्र चारोळ्या होत्या. कोणाच्या घरच्या, कोणाच्या हातच्या, कोणत्या पाण्याच्या, काही कळायला मार्ग नव्हता. आईने परत नेऊन देऊ का म्हणून विचारले, तोवर भट्टी बंद झाली होती. आजी काहीच बोलली नाही. तिने डबा फळीवर ठेवला. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला, भाऊबीज झाली, डबा तसाच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेतून उठलो, तर आजी ओट्याशी बसून चहाबरोबर चारोळीची नानकटाई खात होती. मला पाहून तिने दुसरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ‘चारोळी चांगली लागते. पुढच्या वेळी आपणही लावू.’

कोणतीही चौकशी बसली नाही, प्रायश्चित्त झाले नाही. रानड्यांना जे बाहेरच्या ओसरीवर सगळ्या गावासमोर जमवावे लागले, ते आजीने ओट्याशी चार घोट चहात उरकले. अशा गोष्टींची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पण पुणे बदलले ते बहुधा अशाच दुपारी.

*

बाकीचा इतिहास वेगाने घडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात चहाची दुकाने आणि बेकऱ्या काढल्या. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, बी. मेरवान १९१४ चे. पुण्यात १९३५ मध्ये गुडलक सुरू झाले ते नदीपलीकडे, फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या पेठांतल्या मुलांच्या थेट वाटेवर. आजोबांनी जे केले नसते, ते नातवांनी संगमरवरी टेबलाशी बसून केले. १९५५ मध्ये ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी उघडली. ज्या श्रूजबेरी बिस्किटाने तिचे नाव झाले, त्याचे गाव इंग्लंडात; अठराव्या शतकातल्या तिथल्या पाकपुस्तकांत ते सापडते. इंग्रज गेल्यावर आठ वर्षांनी इराणी माणसाच्या भट्टीतून ते पुण्याची ओळख झाले.

मग धान्यटंचाईचे दिवस आले. परदेशी गहू आला. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदातला कापलेला पाव मध्यमवर्गाच्या न्याहारीत आला. त्याच दशकात दादरला वडा पावात शिरला. आता मिसळीबरोबर पाव नसेल तर गिऱ्हाईक भांडते. विहिरीची कथा सांगणाऱ्यांची नातवंडे पावासाठी रांगेत उभी आहेत, आणि त्यात मला आनंदच आहे.

पण या आनंदात एक गोष्ट निसटते आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस किंवा तत्सम इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. धुराचा त्रास खरा आहे. भट्टीसमोर रात्र काढणाऱ्या कामगाराइतका तो कोणालाच कळत नाही. त्यामुळे लाकडाच्या भट्ट्या जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. चाचांच्या मुलानेही न्यायालयाची वाट न पाहता दोन वर्षांपूर्वी विजेची भट्टी बसवली. ‘धूर गेला, खोकला गेला,’ तो म्हणतो. पण विजेची भट्टी हवी तेव्हा तापते आणि काम झाले की बंद होते. तिला उतरती आच नाही. दुपारची उरलेली ऊबही नाही. म्हणून घरचे पत्रे घेणे त्याला परवडत नाही. ‘दहा घरांसाठी मीटर फिरवू का?’ या प्रश्नाला माझ्यासारख्या वीज मंडळाच्या माणसाकडे उत्तर नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधी मी पुन्हा तिथे गेलो. बाकावर एक बाई डबा घेऊन बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. दुकानात काम करणारा मुलगा त्यांना समजावत होता, की आता बाहेरचे सामान भाजत नाहीत. त्या ऐकून घेत होत्या, उठत मात्र नव्हत्या. शेवटी मालकच बाहेर आला. ‘द्या बाई, आमच्या बिस्किटांच्या लॉटमध्ये एक पत्रा सरकवतो. पण यंदापुरतंच,’ म्हणाला. त्या म्हणाल्या, ‘गेल्या वर्षीही तू हेच म्हणालास.’

तेव्हा, पुण्यातली सगळ्यांत चांगली बेकरी कोणती, असे आता कोणी विचारले, तर मी वरची नावे सांगतोच, आणि शेवटी एवढी भर घालतो: जिथे अजून घरचा पत्रा घेतात, ती. सापडली तर एकदा तरी डबा घेऊन जा आणि बाकावर बसा. शेजारच्या पत्र्यावर कोणाची चिठ्ठी आहे ते वाचू नका.

वाचकांना एक विनंती. या विषयावरची कागदपत्रे फार थोडी उरली आहेत. कोणाकडे भट्टीवरच्या जुन्या वह्या, पावत्या, बिस्किटांच्या जाहिराती किंवा पत्र्यावर ठेवायची एखादी चिठ्ठी जपून राहिली असेल, तर कृपया संपादकांकडे कळवावे. आठवणीही चालतील, विशेषतः ज्यांच्या घरच्या नानकटाईवर चारोळ्या असायच्या त्यांच्या.